लेझरची खोळ

बडोद्याच्या मे महिन्यात कोट घालून उभ्या राहणाऱ्या माणसावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. इथल्या अकोटा भागातल्या एका हॉलमध्ये गुडघेदुखीवरचं लेझर यंत्र दाखवायला आलेला माणूस नेमका तसा होता. डोळ्यांना लावायचा संरक्षक चष्मा त्याने कपाळावर चढवला होता. यंत्र जाड टॉर्चएवढं, हातात धरायचं. ते एका आजोबांच्या गुडघ्यावर टेकवून तो म्हणाला, "गरम लागे ने काका, तो समजो के काम करे छे."

मी नोकरीची तीस वर्षं एका कारखान्यात तापमापकांच्या सोबतीने काढली. तिथे एखादी वस्तू नको तेवढी गरम लागली की आम्ही ती आधी बंद करायचो, मग बोलायचो. हे यंत्र किती वेळ चालवायचं आणि किती वेळ थंड होऊ द्यायचं, असं मी विचारलं. त्याने लग्नातल्या फोटोत हसतात तसं हसून, पुस्तिकेत सगळं आहे, असं सांगितलं आणि पुढच्या गुडघ्याकडे वळला.

माझ्या मोठ्या बहिणीने ते यंत्र घेतलं. पुस्तिका मात्र मी वाचली, कारण दोन्ही घरांत मिळून असल्या गोष्टी वाचणारा मी एकटाच. दिसतो तो लाल ठिपका नुसता खुणेसाठी, खरं काम करणारा किरण दिसत नाही, असं तिच्यात होतं. हे वाचून माझा संशय कमी झाला नाही. दोन मिनिटं झाली की यंत्र आवाज करून थांबेल, मग ते पाच मिनिटं बाजूला ठेवावं. यंत्राच्या अंगावरच्या फटी झाकू नयेत, आतली उष्णता तिथून बाहेर पडते. आणि सगळ्यांत बारीक अक्षरांत शेवटी: ज्यांच्या त्वचेला संवेदना कमी आहे, त्यांनी वापरू नये.

माझ्या बायकोला पंधरा वर्षं मधुमेह आहे. गेल्या हिवाळ्यात भाजी घेऊन येताना तिच्या एका पायातली चप्पल निसटली आणि ती अर्धी गल्ली तशीच चालत आली. पट्टा सैल होता, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही पायाला सगळं कळतं असंच तिने सांगितलं, आणि मी बोलायच्या आत पर्स उचलली.

ती शेवटची ओळ मी दोघींना मोठ्याने वाचून दाखवली. बहीण म्हणाली की तुला आरतीतल्या कापराचाही संशय येतो. बायको म्हणाली, "मला सगळं लागतं. उगाच माझ्या पायांवर पाळत ठेवू नका."

शिवाय तिने यंत्राला खोळ शिवली. आमच्या समा भागातल्या घरात काही उघडं राहत नाही. रिमोटला प्लॅस्टिक, मिक्सरला झालर, फ्रिजच्या मुठीला कापड. यंत्राच्या वाट्याला जुन्या खणाची, आतून कापूस भरलेली खोळ आली. फक्त टोक बाहेर. फटींबद्दल मी बोललो, तर बहिणीने खोळीमुळे पकड किती छान येते ते दाखवलं.

एका गुरुवारी दुपारी अथर्वशीर्ष म्हणणाऱ्या बायका आमच्याकडे जमल्या. पठण झालं, कॉफी झाली, आणि बहिणीने चष्मा लावून यंत्र काढलं. सात जणी होत्या. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून यंत्राचे आवाज मोजत बसलो. दोन मिनिटांनी एक आवाज. लगेच दुसरी पुढे सरकायची, बहीण पुन्हा बटण दाबायची. प्रत्येकीने आपली दोन मिनिटं चोख पाळली. मधली पाच मिनिटं यंत्राची होती, आणि त्याच्या बाजूने बोलणारं तिथे कोणी नव्हतं.

पाचवी म्हणाली, आज जोर कमी वाटतो. वाटणारच. असलं यंत्र तापलं की आतला प्रकाश मंदावतो आणि टोकाचा धातू मात्र तापत राहतो. त्यावर बहिणीचा उपाय एकच, जरा दाबून धरायचं.

सातवी माझी बायको. घर आमचं, त्यामुळे कॉफीपासून लेझरपर्यंत तिचा नंबर शेवटचा. आणि तिला गुडघ्यावर नको होतं. टाचेवर हवं होतं.

मी उठलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की यंत्र तापलंय हे त्या दोघींना कळायची काही सोयच नव्हती. धरणारीच्या हाताला खोळ होती. घेणारीची टाच काय सांगते, ते मला ठाऊक नव्हतं. मी बहिणीच्या हातातून यंत्र काढून घेतलं. सगळ्या जणी माझ्याकडे पाहत होत्या. बायको म्हणाली, "अहो, काय हे? आत्ता तर टेकवलं होतं. नुसतं कोमट लागत होतं."

मी ते बंद केलं आणि टोक माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं. तीनपर्यंत मोजायचं ठरवलं होतं. ‘एक’ म्हणतानाच हात झटकला गेला. बटणाएवढा लालभडक गोल उठला.

बायकोने माझं मनगट हातात घेऊन पाहिलं, मग हळूच पाय उचलून टाच वळवली. तिथेही तसाच गोल होता, फिकट. तिने पाय साडीत ओढून घेतला.

बहिणीने खोळ काढली. यंत्र त्या दिवसापासून तिच्याकडे अकोट्याला आहे, उघडंच. मलम लावून टाच आठवड्यात बरी झाली. डॉक्टरांकडे मात्र दुसऱ्याच दिवशी गेलो, आणि या वेळी काय कळतं, काय कळत नाही, ते तिनेच सांगितलं.

रोज संध्याकाळी ती कोमट पाण्याने पाय धुते. पूर्वी पाणी किती गरम ते बघायला मी बोट घातलं तर तिला राग यायचा. आता बादली माझ्यासमोर ठेवून ती पदर खोचत उभी राहते.

"बघा," म्हणते. मी कोपरापर्यंत हात घालतो.