बासष्ट टक्के

आईचा जुना फोन शेवटच्या घटका मोजत होता. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं. तरी ती तो सोडायला तयार नव्हती, कारण त्यात देवगडच्या मावशीचे व्हॉइस मेसेज होते. मावशी गेल्या वर्षी गेली. तिचा आवाज आता तेवढाच उरला होता.

शेवटी मी नवा फोन घेऊन मुलुंडला गेले. जुन्यातलं सगळं नव्यात उतरवायला दोन्ही फोन टीपॉयवर शेजारी शेजारी ठेवले आणि 'सुरू करा'चं बटण आईलाच दाबायला लावलं. पडद्यावर एक निळी पट्टी आली, खाली टक्के.

"मध्येच बंद पडला तर गं?"

"पुन्हा करू," मी म्हणाले खरी, पण त्या फुगलेल्या फोनचा मलाच भरवसा नव्हता.

आईला पट्टीकडे बघवेना. बाबांना टक्के सांगायला बसवून ती आत नारळ खवायला गेली. बाबांच्या अंगात निवडणुकीचा निकाल संचारला. "पस्तीस! चाळीस! आघाडी कायम!"

बासष्टवर पट्टी थांबली, ती थांबलीच. आतून "पुढे? पुढे?" सुरू झालं, तसे मला डोळा मारून बाबा ओरडले, "सत्तर!" खवणी पुन्हा चालू झाली. मग त्यांना चटकच लागली. ऐंशी झाले, नव्वद झाले. नव्व्याण्णवला मात्र त्यांची पंचाईत झाली, कारण पुढे शंभरच होते.

आई हात पुसत बाहेर आली. "बासष्ट?"

"मागे आलं असेल," बाबा म्हणाले.

"कुकरच्या शिट्ट्याही अशाच मोजता तुम्ही! म्हणून डाळ कच्ची राहते. आणि गाऱ्हाणं न घालता बटण दाबलंच कसं आपण? उठा!"

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय साधा पंखासुद्धा लावत नाहीत. बाबा टीपॉयसमोर हात जोडून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, लेकराबाळांनी ह्या जा फोन बदलूचा काम हाती घेतला हा, त्यात जी काय आडकाठी इली आसात, वायफायची नायतर बॅटरीची, ती दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही दोघी म्हणालो. मी कॉम्प्युटरवर पोट भरते, तरी माझाच आवाज मोठा होता.

पट्टी ढिम्म हलली नाही. बाबांनी दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं, आवाज चढवून तिसऱ्यांदा घातलं. केव्हातरी त्रेसष्ट झाले आणि बाबांची कॉलर ताठ झाली.

शंभर झाल्याचं ते ओरडले, तेव्हा कोणाचाच विश्वास बसेना. आईने चष्मा लावून स्वतः खात्री केली. मग मावशीचा मेसेज लावला.

"खंय आसस गो? मगापासून फोन लावतंय. उचलूक काय होता तुका?"

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पण ती मोठ्या बहिणीवर नेहमी चिडायची तशीच फोनवर चिडली.

"हयच आसंय गो!"