पहिल्याच प्रयत्नाला लाथ

मी तेव्हा तरुण होते, म्हणजे चौसष्ट वर्षांची, आणि मला सगळं कळत होतं. लंडनजवळ हाउन्सलोला विमानातल्या जेवणाचे ट्रे लावायच्या कामावर मी वीस वर्षं सुपरवायझर होते. त्यामुळे रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही गोष्टीला सूचना द्यायचा आपल्याला हक्क आहे, अशी माझी समजूत होती. मग मुलाचं लग्न झालं, सून अमेरिकेतून आमच्या एजवेअरच्या घरात आली, आणि पहिल्याच रविवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला तिने टीव्ही लावला. पडद्यावर हेल्मेटवाल्यांच्या दोन रांगा एकमेकींसमोर ओणव्या उभ्या. रांगा दिसल्यावर मी सोफ्यावर बसलेच.

अमेरिकन फुटबॉल म्हणतात त्याला, पण पायाचं काम कमी आणि धक्काबुक्की जास्त. सुनेने मला शांतपणे समजावलं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न. तीन फुकट गेले, की चौथ्याला खरा प्रश्न येतो. हिंमत करून उरलेलं अंतर काढायचं, की चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना मागे ढकलायचं? हिंमत केली आणि फसली, तर चेंडू आहे तिथेच त्यांच्या हातात.

आता आमचं बालपण रेडिओला कान लावून पाच-पाच दिवसांचं क्रिकेट ऐकण्यात गेलेलं. हरायचं नसेल तर टिच्चून उभं राहायचं, दिवस काढायचा आणि मॅच ड्रॉ करून ताठ मानेने घरी यायचं, एवढी एकच नीती मला ठाऊक. मी विचार केला आणि निकाल दिला. चौथ्यापर्यंत थांबायचंच कशाला? पहिल्याच प्रयत्नाला चेंडू लाथाडून द्यावा. जवळ ठेवला तर हिसकावला जायची भीती, आणि दिला तर समोरचे पळून पळून दमतील. शेवटी ड्रॉ.

हे मी सुनेला सांगितलं. मुलाला सांगितलं. पुढे दोन महिने दर रविवारी सांगितलं, आणि एकदा तर फोन मागून घेऊन सुनेच्या वडिलांनाही सांगितलं. आमचे व्याही न्यू जर्सीत पूल बांधणारे इंजिनिअर. आयुष्यभर एकाच टीमचे भक्त. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, लंडनला थंडी किती आहे. मला वाटलं, माझा मुद्दा पटला.

त्या चौसष्ट वर्षांच्या बाईचा आज मला कान धरावासा वाटतो. पण तिचं एक चांगलं होतं. ती तिथे बसून राहिली, म्हणून मला त्या बापलेकीची पद्धत बघायला मिळाली. खऱ्या टीमचे कोच पहिल्या पंधरा चाली आधीच कागदावर लिहून ठेवतात म्हणे. या दोघांनी ते उचललं होतं, सून आठ वर्षांची असल्यापासून. दर शनिवारी दोघांनी आपापली पंधरा चालींची यादी लिहायची, एकमेकांना दाखवायची, आणि लाल पेनाने पंधरापैकी मार्क द्यायचे. बापाने मुलीला नऊच्या वर कधी दिले नाहीत, मुलीने बापाला सातच्या वर. ती लंडनला आल्यावर यादी फोनवर वाचली जायची आणि रविवारी मॅच सुरू झाली की फोन चालू ठेवून भांडण. बाबा चौथ्या प्रयत्नाला कायम लाथाडा म्हणणारे, मुलगी कायम पुढे जा म्हणणारी. "बाबा, तू घाबरट आहेस." "आणि तू बेअक्कल आहेस." मग हसणं. आमचे हे बाजूला पेपर वाचत बसायचे आणि म्हणायचे, यांच्या घरात जिव्हाळा मोजायचा तर डेसिबलमध्ये मोजावा लागेल.

गेल्या उन्हाळ्यात तो फोन बंद झाला.

झालं होतं असं, की सुनेने बँकेतली नोकरी सोडली आणि शाळेत गणित शिकवायचं म्हणून शिक्षकाच्या ट्रेनिंगला नाव घातलं. आम्हाला तिने आधी सांगितलं होतं. बाबांना मात्र राजीनामा देऊन झाल्यावर सांगितलं. तिकडून आधी एक लांबलचक व्याख्यान, मग शांतता. सप्टेंबरात सीझन सुरू झाला. पहिल्या रविवारी सहा वाजता सून टीव्हीसमोर फोन मांडीवर घेऊन बसली. वाजला नाही. तिनेही केला नाही. दुसऱ्या रविवारीही तेच. "जेवलीस का" आणि "हो" एवढे मेसेज चालू होते. तिने मला एकदाच सांगितलं, भांडी विसळता विसळता, की बाबांनी तिचं ऐकावं असंही तिचं म्हणणं नाही. "आई, तो रविवारी फोन करून माझ्याशी भांडला ना, तर मला सगळं चालेल."

ऑक्टोबरात टीम लंडनला खेळायला येणार होती आणि तीन तिकिटं भांडणाआधीच काढलेली होती. व्याही येतील की नाही, इथपासून प्रश्न होता. ते आले. गुरुवारी सकाळी हीथ्रोहून बॅग ओढत आले आणि दारातच म्हणाले, "विहीणबाई, मी मॅचसाठी आलोय." म्हटलं, या, चहाही मॅचनंतरच घेणार का?

दोन दिवस घरात जी काही भाषा चालली ती माझ्यामार्फत. विहीणबाई, तिला सांगा माझ्या चहात साखर नको. आई, बाबांना विचारा टॉवेल मिळाला का. दोघं एकाच सोफ्यावर, मधे एक उशी. मी आयुष्यात इतके निरोप कधी पोचवले नव्हते, आणि दोघांत अंतर होतं दोन फूट. त्यात शुक्रवारी मुलाला हॉस्पिटलची रविवारची ड्युटी लागली, आणि त्याचं तिकीट माझ्याकडे आलं. म्हणजे स्टेडियममध्ये ती उशी मी होणार होते.

शनिवारी सकाळी मला दिसलं, की व्याही बागेतल्या खुर्चीत बसून काहीतरी लिहितायत. लिहून झालं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली. मी वर गेले तर सून तिच्या टेबलाशी. मला बघून तिने कागदावर वही सरकवली. विचारायची गरज नव्हती. मला तोपर्यंत सहा वर्षं झाली होती घरात फुटबॉल बघून, शनिवार कशाचा वार असतो ते मला कळत होतं. दोघांनी यादी लिहिली होती आणि दोघांपैकी कुणीही ती आधी काढणार नव्हतं.

स्वयंपाक करता करता मी ठरवलं. दुपारी जेवायला बसलो, वरण-भात, बटाट्याची भाजी, पापड. मी लिंबाच्या फोडी ताटलीतून काढून टेबलावर एका रांगेत मांडल्या. समोर काजूंची रांग. मधे एक खजूर, कारण त्यांचा चेंडू अगदी खजुरासारखा असतो. हे म्हणाले, "आता काय, नैवेद्य?" मी म्हटलं, उद्याचा गेम प्लॅन. आणि खजुराला चमच्याने असा टोला दिला, की तो भाजीच्या बाऊलवर आपटून व्याह्यांच्या ताटात गेला.

"पहिल्याच प्रयत्नाला लाथाडायचं," मी म्हटलं. "चेंडू जवळ ठेवायचाच कशाला?"

मला नाटक असं करावं लागलंच नाही. चौसष्ट वर्षांची ती शहाणी आत होतीच, मी फक्त तिला खुर्ची दिली. ती सुरू झाली. समोरच्यांना दमवा. चार वाजेपर्यंत त्यांचे पाय दुखायला लागतील. मग सावकाश ड्रॉ करा.

व्याही सभ्य माणूस. खजूर उचलून जागेवर ठेवत म्हणाले, "विहीणबाई, असं नसतं हो. चेंडू हातात असणं हीच तर ताकद." मी म्हटलं, ताकद दमवण्यात असते. सून ताटात बघत होती, पण तिचे कान लाल व्हायला लागले होते. मी आणखी पुढे गेले. म्हटलं, तो क्वार्टरबॅक, मागे उभा राहून चेंडू फेकणारा, त्याला एवढं महत्त्व कशाला? त्याला पुढे रांगेत उभा करा, ओझी उचलायला. आमच्याकडे ट्रेच्या रांगेत रिकामा माणूस कुणी ठेवत नव्हतं.

"आई, तो रिकामा नसतो," सून म्हणाली.

"सांग त्यांना," व्याही म्हणाले. दोन दिवसांत तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मग दोघं मिळून माझ्यावर तुटून पडली. तिने लिंबं हलवली, त्यांनी काजू. ती म्हणाली इथून पळवायचा, ते म्हणाले इथून फेकायचा, आणि आई तुम्ही हे बघा, विहीणबाई तुम्ही ते बघा. मी जितका बावळटपणा करावा तितकी ती दोघं एकमेकांच्या जवळ सरकत होती. ह्यांनी माझ्याकडे एकदा चष्म्यावरून बघितलं. चाळीस वर्षांचा संसार आहे, त्यांना कळलं होतं. ते मुकाट्याने पापड खात राहिले.

आणि मग लिंबं मैदानाच्या मध्यावर पोचली. चौथा प्रयत्न, एक यार्ड बाकी.

"लाथाडायचा," व्याही म्हणाले.

"जायचं," सून म्हणाली.

"मध्यावर? फसलं तर?"

"बाबा, तू नेहमी लाथाडतोस." तिचं मराठी अमेरिकेत वाढलेलं, 'माझा भाजी' म्हणणारं, पण त्या वेळी ते अडखळलं नाही. "इतकी वर्षं मी तुझ्या यादीने खेळले. कॉलेज तुझ्या यादीतलं, नोकरी तुझ्या यादीतली. हा एकच प्रयत्न माझा आहे."

मी चमचा खाली ठेवला. आता माझं काम संपलं होतं. शहाणीला म्हटलं, बाई, आता गप्प.

व्याही बराच वेळ एक लिंबाची फोड बोटाने फिरवत होते. म्हणाले, "तू तिकडे होतीस तेव्हा पडलीस तर मी गाडी काढून अर्ध्या तासात आलो असतो. इथे पडलीस तर मी इतक्या लांबून काय करणार?"

"फोन कर," ती म्हणाली. "रविवारी. एवढंच."

हे म्हणाले वरण गार होतंय. व्याह्यांनी खिशातून घडी काढली, उलगडली आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवली. ती खुर्ची मागे ढकलून उठली, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली आणि आपला कागद घेऊन आली. लाल पेन घरात सापडेना. शेवटी मी माझी लिपस्टिक पेन्सिल दिली. तिने त्यांना सहा दिले, त्यांनी तिला आठ, आणि त्यावरून पुन्हा जुंपली, ती चहापर्यंत.

रविवारी आम्ही तिघं दुपारी स्टेडियममध्ये होतो. साठ हजार माणसं असतील नाहीतर सहा लाख, मला सगळी सारखीच वाटली. मी मधल्या खुर्चीत बसायला गेले तर सुनेने मला कडेला सरकवलं. फार बरं वाटलं. आमच्या टीमचं म्हणाल, तर त्यांनी दोघांच्याही यादीला भीक घातली नाही. पहिल्या पंधरांतल्या चार चाली बापाच्या जुळल्या, पाच मुलीच्या, आणि एकदा पडद्याआड कुणी माझं ऐकत असावं अशी शंका यावी इतका गाढवपणा केला. आमच्या पुढच्या रांगेतला एक पोक्त सरदारजी टीमची जर्सी घालून आला होता. त्याने मागे वळून दोघांच्या भांडणात भाग घेतला आणि सुनेच्या बाजूने मत दिलं. व्याही त्याला म्हणाले, तुम्ही तिला ओळखत नाही.

मॅचच्या शेवटच्या पाव भागात ती वेळ आली. आम्ही तीन गुणांनी मागे. चेंडू मध्याच्या जरा अलीकडे, चौथा प्रयत्न, एक यार्डाला थोडं जास्त. आजूबाजूचे सगळे उभे. कोच कडेला उभा राहून विचार करत होता. व्याह्यांनी मैदानाकडे बघितलं नाही, मुलीकडे बघितलं.

"काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"जायचं."

"जा," ते म्हणाले, कोचला सांगितल्यासारखं.

कोचने हिंमत केली. रांगा एकमेकींवर कोसळल्या, माणसांचा एक ढीग झाला, आणि पंच त्या ढिगातून एकेकाला उपसत आत शिरला. दहा यार्डांची साखळी आणून मोजलं. वीतभर कमी पडलं. चेंडू त्यांचा. पुढे आम्ही हरलो, ते काही सांगण्यासारखं नाही.

सून दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभी होती. मला वाटलं, आता व्याही म्हणणार, बघ, सांगितलं होतं. सहा वर्षांपूर्वीची मी तर नक्की म्हणाले असते, आणि परतीच्या ट्रेनमध्ये पुन्हा एकदा म्हणाले असते. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"निर्णय बरोबर होता," ते म्हणाले. "जमलं नाही, पण बरोबर होता."

तिने त्यांच्या जॅकेटची बाही धरली आणि मॅच संपेपर्यंत सोडली नाही, टाळ्या वाजवायच्या वेळीसुद्धा. सरदारजींनी दोघांपुढे मिठाईचा डबा धरला. मी दोन बर्फ्या घेतल्या.

मंगळवारी व्याही परत गेले. पुढच्या रविवारी सहाला पाच मिनिटं होती. सून उद्याच्या धड्याच्या वह्या घेऊन वर होती, शाळेतल्या मुलांनी आठवडाभर तिला रडवलं होतं. फोन वाजला, तो मी घेतला. म्हटलं, व्याहीबुवा, कसे आहात, प्रवास नीट झाला ना. ते म्हणाले, "सगळं ठीक आहे, विहीणबाई. तिला जरा लवकर द्या. काल तिने पाठवलेली यादी भयंकर आहे."