मिल्हेम न्हाव्याच्या रोट्या

आमच्या डोंगरातल्या गावात शनिवार हा रोट्यांचा वार. माझी शेजारीण अदला आणि मी, आम्ही दोघी तिच्या अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली बसायचो. साज, म्हणजे आमचा पालथ्या कढईसारखा लोखंडी तवा, मांडलेला असायचा आणि खाली द्राक्षवेलीच्या वाळल्या काटक्यांचा जाळ. कणीक मळणं, गोळे लाटणं माझ्याकडे. पण लाटलेली रोटी या हातावरून त्या हातावर झेलत झेलत पातळ करायची, गोल उशीवर ताणायची आणि उशीसकट साजवर उलटी मारायची, ते अदलाचं काम. मला ते कधीच जमलं नाही.

तिचा नवरा मिल्हेम गावचा न्हावी. दुकान उघडायच्या आधी तो कॉफीचा पेला घेऊन पायरीवर बसायचा आणि आमच्यावर तोंडसुख घ्यायचा. "कडेला जाड राहिली. ही करपली. अदला, तुझं लक्ष कुठंय?"

"माझं लक्ष इथेच आहे. तुझं गिऱ्हाईक दारात वाट बघत असेल, तिकडे बघ," अदला म्हणायची.

त्यांच्या लेकीचं, हलाचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. लग्नाला पंधरवडा उरला असताना अदला अंजिरं काढायला शिडीवर चढली आणि खाली आली ती उजव्या मनगटावर. हाताला प्लास्टर बसलं. दुखण्यापेक्षा तिला रोट्यांचंच रडू येत होतं. हलाचं सासर समुद्राकाठी, सैदा शहरात. तिकडची माणसं जेवायला येणार आणि त्यांच्यापुढे बेकरीतली मशीनची रोटी ठेवायची?

"मी करते गं," मी म्हटलं.

शनिवारी मी केल्या. मिल्हेमने एक उचलली, वाकवून पाहिली आणि म्हणाला, "शेजारणी, ही खायची की पायात घालायची?"

मी काही बोलायच्या आत अदला कडाडली, "एवढी अक्कल आहे ना तुला? मग बस साजवर! ऊठ तिथून!"

आणि तो खरंच उठला. पेला खाली ठेवला, बाह्या वर केल्या, माझ्या शेजारी मांडी घातली. पहिली रोटी त्याने अशी झेलली की ती थेट त्याच्या डोक्यावर जाऊन बसली. मी हसून हसून लोळायची बाकी होते. अदला प्लास्टरचा हात पोटाशी धरून हसत होती आणि मध्येच "आई गं" म्हणून विव्हळत होती. दुसरी फाटली, तिसरी निखाऱ्यांत गेली. मला वाटलं, आता हा चिडून दुकानात जाईल. तो दुकानात गेलाही, पण कानाच्या पाळीला कणीक तशीच घेऊन.

सोमवारी गावात बातमी पसरली की मिल्हेमला काहीतरी झालंय. तो दाढीचा ओला टॉवेल या हातावरून त्या हातावर उडवत बसतो. लोक मुद्दाम दाढी करायला जाऊ लागले. आमच्या गल्लीतला फदूल तर सकाळीच दाढी करून आलेला, तरी दुपारी परत खुर्चीत जाऊन बसला.

"तुझी दाढी कुठंय रे?" मिल्हेमने विचारलं.

"येईल की. तोवर तू उडव."

संध्याकाळी घरी कणकेचे गोळे. अदला खुर्चीवर बसून ओरडायची, "बोटं नकोत, बोटं नकोत! मनगटावर घे! गिऱ्हाइकाची मान धरतोस तसं धरू नकोस तिला!" कोंबड्यांची चंगळ झाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात अर्धं गाव उभं. मिल्हेमचा चेहरा लाल झालेला. मी लाटलेली रोटी त्याने उचलली आणि ती त्याच्या हातांवर फिरू लागली, मोठी होत गेली, उशीवर पसरली, साजवर बसली. अदलाने ती डाव्या हाताने उचलून उन्हात धरली. पलीकडचं झाड दिसत होतं. तेल आणि झातर, म्हणजे आमचा रानओव्या-तिळाचा मसाला, लावून गुंडाळी केली आणि उभ्या उभ्या संपवली. मिल्हेम तिच्याकडे बघतच राहिला.

"माझ्याकडे काय बघतोस? पुढची करप​तेय!" ती म्हणाली, पण डोळे पुसत.

सैदाच्या विहीणबाईंनी जेवताना विचारलं, "रोट्या कुणी केल्या?"

"आमच्या ह्यांनी," अदला म्हणाली. विहीणबाई टाळी देऊन हसल्या. त्यांना थट्टा वाटली. आम्हीही कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

पुढे प्लास्टर निघालं. शनिवारी अदला कंबर कसून अंगणात आली, तर मिल्हेम साजपाशी आधीच बसलेला.

"ऊठ. माझी जागा आहे ती."

"जाळ बघ तू जरा, जमलं तर."

दोघांचं असं वाजलं की मी लाटणं टाकून घरी जायला निघाले. शेवटी अदलाच धुमसत आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती चांगला झगा घालून, पर्स घेऊन.

"कुठे निघालीस?" मिल्हेम घाबरला.

"हलाकडे. ती जन्मल्यापासून एक शनिवार मला मोकळा मिळालाय का? तू बस जाळापाशी."

बसने ती सैदाला गेली, लेकीबरोबर बंदरावर तळलेले मासे खाल्ले आणि अंधार पडता पडता खूश होऊन परतली. आता ती दर शनिवारी जाते. मिल्हेमचं दुकान त्या दिवशी बंद असतं, त्यामुळे रविवारी चर्चमध्ये पुरुषांच्या दाढ्या वाढलेल्या दिसतात. मी अजून लाटतेच. कडेला जाड राहिली की तो मला बोल लावतो, आणि मीही आता ऐकून घेत नाही.