विहीणबाईंच्या डब्यातला जुना काळ

मी लग्न होऊन आले तेव्हा छावणीतला हा बंगला नुसता पडका होता. आता तो ऐतिहासिक झाला आहे. आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहून त्याची झाडलोट करतो. इतकी वर्षं आपण इतिहासावर केरसुणी फिरवत होतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

नाताळात मंडळी तिकीट काढून तो बघायला येतात. हा सण पूर्वी कसा होता आणि बदलत बदलत कसा झाला, ते एकेका खोलीत मांडून ठेवलेलं असतं. पहिल्या खोलीत गोऱ्या साहेबाचा नाताळ. लांब टेबल, काटे-चमचे आणि खिडकीत बर्फ. बर्फ कापसाचा. इथल्या साहेबानं बर्फ पाहिला असेल तर पेल्यात, पण आमच्या भागात कापूस मुबलक, म्हणून बर्फही मुबलक पडतो. दुसऱ्या खोलीत निजामाच्या राज्यातला नाताळ, तिथं अत्तरदाणी आणि पुलावाचं रिकामं पातेलं. पोलीस ॲक्शननंतरचा नाताळ एका भिंतीवर आटोपला आहे. त्यानंतर विशेष काही घडलं नसावं. आणि सगळ्यात शेवटी माझं स्वयंपाकघर. ते नोकरांचा नाताळ. नोकर म्हणजे मी.

माहिती सांगणारी ताई गोड बोलते. म्हणाली, "मावशी, तुम्ही काहीच बोलू नका. नुसत्या करंज्या करत बसा." अनोळखी माणूस दिसला की माझी जीभ टाळूला चिकटते, तेव्हा इतकं सोयीचं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं. मग तिनं मला नऊवारी नेसवली. माझ्या सासूनं जन्मभर पाचवारी नेसली, पण ती जुन्या काळातली नव्हती, नुसतीच म्हातारी होती. सिलिंडरवर गोधडी पडली, मिक्सर पलंगाखाली गेला आणि मी पुरातन चुलीपुढं बसले. चूल त्याच सकाळी मांडली होती.

त्या वर्षी माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. मुलीचा लग्नानंतरचा पहिला नाताळ होता, ती जावयांबरोबर फुलंब्रीहून आली होती. आमच्यात पहिल्या नाताळाला मुलगी परत जाताना तिच्याबरोबर करंज्यांचा डबा द्यायचा, काठोकाठ भरून. सासू तो आळीतल्या बायकांसमोर उघडते. डबा उणा निघाला तर ते उणेपण मुलीला जन्मभर वाढलं जातं. माझ्या नणंदेला अजून ऐकावं लागतं, आणि तिला आता नातवंडं आहेत.

सकाळच्या उपासनेला जायच्या आधीच मी डबा भरून फळीवर ठेवला. संध्याकाळच्या बसनं दोघं निघणार होती.

दुपारी मंडळी आली. मी करंज्या लाटत होते. ताईनं बोलता बोलता फळीवरचा डबा काढला नि उघडला.

"आणि हा त्या काळचा फराळ! घ्या ना, चव बघा."

"अंडं नाही ना यात?" एका काकांनी विचारलं आणि उत्तर यायच्या आत दोन उचलल्या.

"हे लोक करंज्या करायचे?" एका बाईंनी ताईला विचारलं.

"करत असावेत," ताई म्हणाली. माझे हात कोपरापर्यंत मैद्यानं भरले होते.

जावई कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. एकानं त्यांना उभं केलं. "तुम्ही बटलर ना? जरा ताठ उभे राहा."

"मी फुलंब्रीचा हाय," जावई म्हणाले.

"अच्छा, बटलर तिथून आणायचे!" फोटो निघाला.

दाराआडून मुलगी कुजबुजली, "आये, डबा निम्मा झाला. बोल की!"

"तू बोल."

"मी कशी बोलू? हे हायेत ना समोर. सासूच्या डब्यासाठी पाहुण्यांशी भांडली, असं घरी सांगतील."

मी उठले. ताईच्या हातातून डबा काढून घेतला. "हा विहीणबाईंचा हाय," मी म्हणाले, "आज न्यायचाय." आवाज असा निघाला की करंज्यांनीच ऐकला असेल. पण ताईचे कान तिखट.

"बघा!" ती ओरडली. "पहिल्या सणाचा डबा विहिणीकडं जायचा! केवढी सुंदर प्रथा!" टाळ्या पडल्या. "मग पुढं काय करायचे, मावशी?"

"भरायचे," मी म्हणाले आणि पोळपाट जवळच्या बाईंपुढं सरकवला. "लाटा."

सगळ्यांना वाटलं, हे तिकिटातच आहे. बायका पदर खोचून बसल्या. दोन करंज्या उचललेल्या काकांना मी चूल फुंकायला लावलं. ऐतिहासिक धूर त्यांच्या डोळ्यांत गेला, पण ते खूश होते. "हे लोक" म्हणणाऱ्या बाई कातण्यानं कडा कापत होत्या, जीभ बाहेर काढून. गॅसवर पटापट तळून झालं असतं, पण जुना काळ बघत होता. एक करंजी होडीसारखी झाली, एक कानासारखी, काहींनी तेलात तोंड उघडलं. तरी डबा काठापर्यंत भरला आणि बसही मिळाली.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. आळी जमली होती. विहीणबाईंनी झाकण काढून एक करंजी उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुझ्या आईच्या हाताला वळण नाय गं बाई. पण डबा लई गच्च हाय, बोट शिरंना."

"आन् तुला?"

"मला काय म्हणतील? वाटला सगळ्या आळीत."

म्हणजे आता दर सणाला माझ्या हाताचं वळण निघणार. निघू दे. ऐकून घेण्यात मी मुरलेली आहे, मुलीला अजून ती सवय नाही.