वायरमनचे चार वीर

आमच्या शेजारचा वायरमन हा मुळात बोलण्यासाठी जन्माला आलेला माणूस नव्हे. दुकानात गिऱ्हाईक मिक्सर घेऊन यायचं, त्या मिक्सरचं सगळं चरित्र सांगायचं, आणि हा स्क्रू-ड्रायव्हर कानामागे खोचून एवढंच विचारायचा, "जळका वास आला होता का?" संभाषण संपलं. वहिनी सांगतात, लग्न ठरण्याआधी दोघं भेटले तेव्हा तासाभरात त्याने एकच वाक्य उच्चारलं आणि तेही त्यांच्या घरातल्या पंख्याविषयी. "पंखा खरंच कुरकुरत होता म्हणा," असंही त्या न्यायबुद्धीने पुढे जोडतात.

असा हा माणूस रोज संध्याकाळी चार निरनिराळ्या आवाजांत बोलू लागला, तेव्हा भिंतीपलीकडे आम्हाला वाटलं की पाहुणे आलेत. दुसऱ्या दिवशीही पाहुणे आले. तिसऱ्या दिवशी मी न राहवून डोकावलो.

खोलीत टीव्हीसमोर दोघंच बसले होते. वायरमन आणि त्याचा धाकटा भाऊ.

या धाकट्याला सगळे मास्तर म्हणतात. तो शाळेतला नव्हे, शिवणाच्या कारखान्यातला कटिंग मास्टर. कापड टेबलावर पसरलं की चार शिंप्यांना त्यात एक शर्ट दिसायचा. याला शर्ट दिसायचा आणि वर कुणाच्या तरी पोराची चड्डी. खडू हातात घेण्याआधी तो बराच वेळ नुसता बघत उभा राही. मालक वैतागायचा. "अरे, काप आता." हा म्हणायचा, "कापणं काय, कात्रीही करते. बेतायचं मला असतं."

मग काचबिंदू झाला. आधी कडेकडेचं दिसेना, मग मधलंही गेलं. दादाने, म्हणजे वायरमनने, त्याला आपल्या घरी आणलं, दवाखान्यांच्या फेऱ्या केल्या. शेवटच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वायरमनला बाहेरच्या व्हरांड्यात बोलावून सांगितलं की डोळ्याची नस वाळून गेली आहे, आता काही व्हायचं नाही. वायरमन आत आला. मास्तरने विचारलं, "काय म्हणाले?" वायरमन म्हणाला, "वेळ लागेल म्हणाले."

न बोलणाऱ्या माणसाचं हेच असतं. आयुष्यभर शब्द वाचवतो आणि एकदाच खर्च करतो, तो भलत्या ठिकाणी.

त्या टीव्हीवरच्या व्हिडिओ गेमचं यंत्र दुकानात दुरुस्तीला आलं होतं आणि मालक परत फिरकलाच नाही. दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात अशा टाकलेल्या वस्तूंची एक फळी असते; वहिनी तिला अनाथाश्रम म्हणतात. यंत्र चालतंय का बघायला वायरमनने ते घरच्या टीव्हीला जोडलं, तशी एक धून वाजली आणि कोपऱ्यातून मास्तर म्हणाला, "हे काय वाजतंय? चांगलंय."

खेळ जुना होता. त्यात तलवारी आणि अग्निबाण एकाच घरात नांदत होते. तीन ग्रह, त्यांच्यामध्ये फिरणारं एक विमान, गुहांमधून राक्षस, आणि या सगळ्यात जग वाचवायला निघालेली चार माणसं. माणसं म्हणायची एवढंच, त्यातला एक पत्र्याचा होता. लिहिलेलं सगळं कुठल्या तरी परक्या लिपीत. अक्षरं बघावीत तर कुणी काड्यापेटी सांडून ठेवल्यासारखी. आकडे तेवढे ओळखीचे होते.

"काय बोलताहेत ते वाच ना," मास्तर म्हणाला.

मला वाचता येत नाही, एवढं म्हणाला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण कित्येक महिन्यांनी भावाने काहीतरी मागितलं होतं. वायरमनने घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली.

पुढे तलवार धरून उभा राहणारा, दर गावात नवे कपडे मागणारा, त्याला त्याने जावईबापू केलं. पत्र्याचा तो पत्रेकाका. तो जरा घोगरा आणि रागीट बोलायचा. बंदूकवाली उंच बाई फौजदारीण झाली. तिचे संवाद पुष्कळदा वहिनींच्या संवादांसारखेच असायचे आणि वहिनींना ते कळत होतं. आणि चौथी, विस्कटलेल्या हिरव्या केसांची पोरगी. ती झिपरी. ती इतरांच्या जखमा भरायची, पडलेल्याला उठवायची. तिचा आवाज काढताना वायरमन मान जराशी तिरपी करायचा. दिसत कुणाला होतं? तरी करायचा.

"माझ्याशी इतकं कधी बोलला नाहीत," वहिनी भाजी निवडत म्हणायच्या.

"तुझ्यात चौघं कुठायत?" वायरमन म्हणायचा. हा त्याचा आयुष्यातला पहिला विनोद असावा.

बोटं दादाची आणि डोकं मास्तरचं, अशी वाटणी होती. लढाई लागली की दादा प्रत्येकाच्या जिवाचा आकडा सांगायचा, राक्षस किती ते सांगायचा आणि मास्तर हुकूम द्यायचा. "जावईबापूला वार करू दे. पत्रेकाकाला आडवा येऊ दे. फौजदारीण थांबेल. झिपरीने आधी काकाचं बघावं." सगळं मनात पसरून तो बेतायचा, टेबलावरच्या कापडासारखं. आणि जिंकायचे. कारखान्यातले शिंपीही पुन्हा त्याच्याकडे येऊ लागले. अपुरं कापड हातात द्यायचे, हा बोटांनी चाचपून सांगायचा, "बाही आडवी घे, निघेल." निघायची.

चूक वायरमनने गोष्टीत केली. पत्रेकाकाच्या एका डोळ्यातला दिवा बंद होता. चित्रच तसं होतं. मास्तरला ते सांगितल्यावर त्याने विचारलं, "मग त्याचं काय?" आणि वायरमन झिपरीच्या आवाजात म्हणून गेला, "तिसऱ्या ग्रहावर तसला दिवा मिळतो. मी आणून देईन काका, पण वेळ लागेल."

त्या दिवसापासून मास्तरच्या चौकशीचा विषय तिसरा ग्रह झाला. किती लांब आहे, विमान पोचेल का. झिपरीला आधी ढाल घ्यायची, ती जगली पाहिजे.

मग तो मनोरा आला. मी त्या संध्याकाळी तिथेच होतो. मनोऱ्याच्या माथ्यावर काळ्या चिलखतातला एक जण उभा होता. लढाई लागायची वाट बघत वायरमनने बोटं तयार ठेवली, पण लढाई लागलीच नाही. झिपरी आपल्या आपण दोन पावलं पुढे गेली. पांढरा उजेड झाला. ती आडवी झाली. बाकीचे तिघं गुडघ्यावर बसले, त्या अक्षरांच्या खूप काड्या सांडल्या, आणि खाली जिथे चार आकडे असत तिथे तीन राहिले.

वायरमनने सगळी बटणं दाबून पाहिली. दुरुस्ती करणाऱ्याचा हात तो. बंद पडलेली वस्तू चालू होते यावर त्याची श्रद्धा.

"काय झालं रे?" मास्तर म्हणाला. "आवाज कसला आला?"

"काही नाही. बोलताहेत."

"मग म्हण की."

वायरमनने माझ्याकडे पाहिलं, दारातल्या वहिनींकडे पाहिलं आणि मान तिरपी केली. "थोडक्यात वाचले रे बाबांनो," झिपरी म्हणाली.

पुढचे काही आठवडे त्या घरात एक मेलेली मुलगी लढत होती.

मास्तर म्हणायचा, "झिपरी, जावईबापूची जखम भर." वायरमन म्हणायचा, "भरली. ऐंशी झाले." पडद्यावर जावईबापू वीसवर लटपटत असायचा. पुढच्या वाराला तो आडवा. "ऐंशीचा माणूस एका फटक्यात कसा गेला?" मास्तर विचारायचा. "राक्षस जबर आहे," वायरमन म्हणायचा. पुन्हा मागच्या मुक्कामावरून निघायचं, पुन्हा त्याच गुहेत तिघांनी चौघांसारखं लढायचं आणि मरायचं. वायरमन चोरून बाजारातून जखमांचं औषध विकत घेऊन बघायचा, तेही पुरायचं नाही. हरण्याचं मास्तरला काही वाटलं नसतं, पण हरण्याचं कारण सापडत नव्हतं.

तो जेवताना बोटांवर आकडे मांडू लागला. ताट तसंच.

"भाऊजी, खेळ आहे तो," वहिनी म्हणाल्या.

"खेळ आहे म्हणूनच. एवढंही जमेना का मला?"

मग एक शिंपी आला. जुना, मास्तरच्या हाताखाली शिकलेला. कुणाचा तरी कोट होता आणि कापड कमी पडत होतं. मास्तरने कापड चाचपलं, उलटं केलं, पुन्हा चाचपलं. मग घडी घालून परत दिलं.

"दुसऱ्या कुणाला दाखव."

"मास्तर, तुमच्याइतकं कुणाला..."

"डोळे गेले तेव्हा म्हटलं, डोकं आहे. आता तेही चाललंय. वाया जाईल तुझं कापड. ने."

शिंपी गेला. जिन्यात मला भेटला, तर पायरीवर नुसता उभा होता.

मास्तर त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून निजला आणि संध्याकाळी उठला नाही. टीव्ही बंद. आमच्या भिंतीतून एकही आवाज नाही. स्वयंपाकघरात मात्र वहिनींनी वायरमनला धरला. दार लावून नळ सोडला होता म्हणून मास्तरपर्यंत काही गेलं नाही, पण वहिनींचा आवाज आमच्या भिंतीला जुमानत नाही.

"मेलेलीला मेली म्हणा."

"कसं म्हणू? दिवा तीच आणणार होती."

"दिवा तुम्ही लावलात गोष्टीत. खेळाच्या कंपनीने नाही."

"माहितेय मला."

"अहो, त्या माणसाला वाटतंय तो वेडा होतोय. तुम्हाला काय बरं वाटतं, सांगा. झिपरी गेली हे कळलेलं बरं, की डोकं गेलं हे?"

"एक सांगितलं की दुसरंही विचारेल तो," वायरमन म्हणाला. "मग काय सांगू?"

नळ तेवढा वाहत राहिला.

पुढच्या रविवारी सकाळी वायरमनने मला बोलावलं. कशाला, ते सांगितलं नाही. साक्षीदार लागत असावा, किंवा पळून जाता येऊ नये म्हणून दारात कुणीतरी. मास्तर खाटेवर बसला होता. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं एक घर चुकलेली. कटिंग मास्टरची बटणं.

वायरमन त्याच्यासमोर जमिनीवर बसला. स्क्रू-ड्रायव्हर कानामागून काढून हातात घेतला, पुन्हा खोचला.

"झिपरी मेली," तो म्हणाला.

मास्तर हलला नाही. "कधी?"

"मनोऱ्यावर. तो आवाज झाला ना, तेव्हाच."

"मग जखमा कोण भरत होतं?"

"कोणी नाही. मी नुसतं म्हणत होतो."

"आणि आकडे?"

"तेही."

मास्तरने हिशोब केला. त्याचे ओठ हलताना दिसत होते. मागची प्रत्येक लढाई तो उसवून बघत असावा. मग नाकातून हसल्यासारखा आवाज आला. "म्हणजे तिघांच्या कापडात मी चौघांचे कपडे बेतत होतो."

"हो."

"आणि होत नाहीत म्हणून स्वतःला शिव्या घालत होतो. गाढवा."

"हो," वायरमन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं सुख कुठल्याही शिवीने आलं नसेल. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. वाटलं, सुटलं.

मास्तरने सदरा चाचपला, चुकलेली बटणं सोडवून नीट लावू लागला. शेवटच्या बटणावर हात थांबला.

"पत्रेकाकाचा दिवा?"

"तो मीच घातला होता."

"तिथे लिहिलेलं नव्हतं?"

"मला ती लिपी येतच नाही. एक अक्षर नाही."

"मग डॉक्टर काय म्हणाले होते?"

चार वीरांना बोलतं करणारा माणूस तो, त्याला स्वतःसाठी आवाज सापडेना. शेवटी शब्द आले, ते अगदी दुकानातल्या आवाजात, बिघाड सांगावा तसे. "नस वाळलीय. पुढे काही होणार नाही. व्हरांड्यात सांगितलं त्यांनी."

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

वहिनींनी मान हलवली. मग लक्षात आलं आणि त्या म्हणाल्या, "होतं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, होत नव्हती. मास्तर ऐकत बसला. मला वाटलं, आता हा ओरडेल, काहीतरी फेकेल. त्याने फेकावं असंही वाटलं. त्याने फक्त हात पुढे केला, दादाचा खांदा सापडेपर्यंत हवेत फिरवला, आणि सापडल्यावर ठेवला नाही, परत घेतला.

"लाव ते," तो म्हणाला.

"आत्ता?"

"लाव. आणि कुणाचा आवाज काढू नकोस."

यंत्र सुरू झालं, ती धून वाजली. तीच गुहा, तोच राक्षस. वायरमनने खऱ्या आवाजात आकडे सांगितले. जावईबापू सत्तावीस. पत्रेकाका चाळीस. फौजदारीण एकोणीस. मास्तरने तिघांना मनात पसरलं, पूर्वी खडू घेण्याआधी कापड पसरायचा तसं. मग एकेकाला हुकूम दिला. वायरमनने बटणं दाबली.

"जावईबापू गेला," वायरमन म्हणाला.

"पत्रेकाकाला पुढे घे."

"घेतला. बावीस." त्याने बटणावरचं बोट उचललं. "मास्तर, हरतोय रे आपण. बंद करतो."

"हरू दे. तू आकडे सांग."

"नऊ," वायरमन म्हणाला. "फौजदारीण सहा."