वाढदिवसाचं कुंकू

माझ्या दोन्ही मुलांचे वाढदिवसाचे फोटो मीच काढते. स्टुडिओत नाही, गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत, वाळत घातलेले कपडे बाजूला सारून. सकाळचं ऊन तिथे छान येतं. आधी औक्षण, लगेच फोटो आणि मगच शिरा, हा आमच्या घरचा नेम. मुलगा तोंड वाकडं करतो, तर मी वाकड्या तोंडाचाच फोटो लावते. तो तसाच आहे, खोटं कशाला दाखवायचं?

मुलगी पहिलीत असताना तिच्या डाव्या भुवईच्या वर एक पांढरा डाग उमटला आणि बघता बघता रुपयाएवढा झाला. डॉक्टर म्हणाले, कोड आहे. दुखत नाही, कुणाला लागत नाही. मुलीला खरंच काही दुखत नव्हतं. दुखायला लागलं ते नातेवाइकांना. कुणी बावचीचं तेल सुचवलं, कुणी म्हणालं, त्र्यंबकला जाऊन शांती करून घ्या. मी म्हटलं, अशांत तुम्ही झालात, तुम्हीच जाऊन या.

सासूबाई घोटीला राहतात. नातवंडांच्या वाढदिवसाला घरचे तांदूळ घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीने हजर होतात. औक्षणाचा मान त्यांचा. डाग आला त्या वर्षी त्यांनी कुंकवाचं बोट कपाळाला टेकवलं आणि ते डावीकडे सरकतच गेलं. मला वाटलं, हात हलला असेल. पुढच्या वर्षीही भुवईपर्यंत कुंकू थापलं, तेव्हा समजलं. डाग औषधाने जाईना, म्हणून तो कुंकवाखाली घालवायचा होता.

तरी सासूबाईंचा मान म्हणून गप्प बसले असते. पण त्यानंतरच्या वाढदिवसाला लेक पाटावर बसली, तिने आपणहून मान वळवली, डावी बाजू पुढे केली आणि म्हणाली, "आजी, इकडे जास्त लाव हं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एवढ्याशा पोरीला स्वतःचं कपाळ लपवायला आम्ही शिकवलं होतं. मी कॅमेरा ठेवला, टॉवेलचं टोक ओलं केलं आणि औक्षण होताच तिच्यासमोर बसून डागावरचं कुंकू पुसायला घेतलं.

"अगं, कुंकू पुसती का काय?" सासूबाई ओरडल्या. "पोरीचा वाढदिवस हाय आज!"

"मधला टिळा ठेवलाय, अहो आई. वरचं तेवढं पुसते."

"उद्या हिला बघायला पाव्हणं येतील, तवा काय हाच फोटो दाखवशील?"

"हाच दाखवीन. आणि ज्यांना तो बघवणार नाही, त्यांना चहासुद्धा द्यायची नाही."

सासूबाई तबक घेऊन आत गेल्या. लेक रडवेली झाली होती, कपाळ घासून लाल झालं होतं. मी तशीच तिला गॅलरीत उभी केली आणि फोटो काढला. रागाने हात थरथरत होते, त्यामुळे तो हललेला आला. म्हणून काय झालं? मोठा करून बाहेरच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याला पहिला दिसेल असा लावला. नवऱ्याने आईकडे न बघता खिळा ठोकून दिला. आल्यागेल्याने त्याकडे बघून चुकचुकायचं आणि मी त्यांना विचारायचं, "काय झालं? काही दुखतंय का?" लेक मात्र त्या फोटोबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. आपण पोरीवर जबरदस्ती तर केली नाही ना, ही धास्ती मला होतीच.

यंदा ती सातवीत आहे. परवा वाढदिवसाला सासूबाईंनी कुंकवाचं बोट उचललं आणि त्या भांडणानंतर दर वर्षी करतात तसं माझ्याकडे बघत हवेतच धरलं. लेकीने ते बोट पकडलं, कपाळाच्या बरोबर मध्ये टेकवलं आणि म्हणाली, "बस, एवढंच." सासूबाई हसल्या की नाही, कळलं नाही, पण बोट त्यांनी सोडवून घेतलं नाही.

मग ती गॅलरीत आली. कपाळावरचे केस दोन्ही हातांनी मागे घेतले आणि डावी बाजू उन्हाकडे केली.

"आई, या वेळी हात हलवू नकोस," ती म्हणाली. "बाहेरच्या खोलीतल्या फोटोत माझा डाग पुसट आलाय."