कापलेल्या जाहिरातींची चार मिनिटं

मी वाढवून सांगतो, हे महाडात सगळ्यांना ठाऊक आहे. पुराच्या वर्षी दुकानात किती पाणी होतं असं कोणी विचारलं की मी पंख्याकडे बोट दाखवतो. भिंतीवरची रेघ छातीपर्यंतच आहे, पण रेघेला काय कळतं? एका लग्नात ऐन मंगळसूत्राच्या वेळी कॅमेऱ्याची बॅटरी मेली, तेव्हा मी नवरदेवाच्या थोरल्या भावाच्या लग्नातले हात आणून तिथे चिकटवले. आजतागायत दोघी जावांपैकी एकीनेही ओळखले नाहीत. समोरचा चहावाला तर गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवतो, "ह्याचं निम्मं वजा करून ऐका."

करा. पण रेकॉर्डिंगच्या लांबीत मी कधी वाढवत नाही. तो माझा धंदा आहे. एसटी डेपोच्या मागे माझं लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायचं दुकान आहे आणि डिशच्या छत्रीच्या सेट-टॉप बॉक्समधून पेन ड्राइव्हवर घेतलेली रेकॉर्डिंगंही लोक माझ्याकडे आणतात. कुणाचा नातू टीव्हीवर नाचलेला असतो, कुणाची भजनी मंडळी दिसलेली असते. कॉम्प्युटरला लावलं की पहिला वैताग लांबीचाच. अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटर सव्वीस तासांचं सांगतो.

त्याचं कारण साधं आहे. चॅनेलच्या चित्राबरोबर एक घड्याळही येत असतं. आपल्याला ते दिसत नाही. साडेसव्वीस तास ते चालतं, मग शून्यावर येऊन पुन्हा सुरू होतं. रेकॉर्डिंगच्या मध्येच ते शून्यावर आलं की कॉम्प्युटरची वजाबाकी बिघडते. मग माणसाला हिशेब करावा लागतो. मी दोन तऱ्हेने करतो. सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणून एकूण चित्रं मोजून पंचवीसने भागायची. त्यावरून आत भरलेलं रेकॉर्डिंग किती ते कळतं. आणि ते लपलेलं घड्याळ नीट सरळ करून पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंतचा वेळ काढायचा. त्यावरून बाहेर जगात किती वेळ गेला ते कळतं. दोन्ही आकडे जुळले की काम संपलं. वीस वर्षांत ते जुळले नाहीत असं एकदाच झालं.

तेव्हा आलेली बाई पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली होती. साठी उलटलेली, नवी कवळी नीट बसली नव्हती म्हणून ओठ सारखे चाळवत होती. तिने रुमालाची गाठ सोडून पेन ड्राइव्ह काढला आणि माझ्या टेबलावर नैवेद्यासारखा ठेवला.

"भाऊ, ह्याची लांबी काढून दे. टीव्हीचा डबा सव्वीस तास दावतो. तेवढ्यात तर आम्ही त्यांना पोचवून पण आलो होतो."

"कुणाला, काकी?"

"आमच्या ह्यांना."

मग तिने सांगितलं ते असं. दीड महिन्यापूर्वी, वैशाखात, ती कवळीसाठी महाडला आली होती. दवाखान्यातून सुटली ती स्टँडवर माहेरची एक मैत्रीण भेटली. बोलता बोलता पाचची गाडी निघून गेली. सहाची मिळाली. सातनंतर घरी पोचली तर नवरा टीव्हीसमोर खुर्चीत बसलेला, रिमोट मांडीवर, आणि अंग गार. साडेसातला डॉक्टर आले. म्हणाले, दोन तास तरी झाले असतील.

"पोरगा मुंबईसनं आला. म्हणाला, तू पाचच्या गाडीनं आली असतीस तर बाबा वाचले असते. तेराव्यालाच गेला तो. आता सुनेकडनं निरोप देतो. माझ्याशी बोलत नाय."

पाचच्या गाडीने ती सहाच्या आत घरी पोचली असती. म्हणजे मला एवढंच शोधून द्यायचं होतं, की माणूस कधी गेला, सहाच्या आधी की नंतर.

"पण हे रेकॉर्डिंग कसं सांगणार, काकी? टीव्हीवर मालिका चाललेली. खोलीत काय झालं ते ह्यात येत नाही."

"येतं," ती म्हणाली. "ते जाहिराती कापायचे."

ती कुठे बाहेर गेली की तिच्या दोन मालिका तो पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवायचा. साडेचारची एक, पाचची एक. पण पेन ड्राइव्ह लहान आणि माणूस चिक्कू. जाहिरात लागली की रिमोटवरचं बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवायचा, मालिका पुन्हा लागली की चालू करायचा. एक जाहिरात म्हणून पेन ड्राइव्हवर जाऊ द्यायचा नाही.

मी हातातलं काम बाजूला सारलं. जिथे पहिली जाहिरात सापडेल, तिथे बटण दाबणारं बोट संपलेलं असणार.

"मधे कुणी हात लावला का ह्याला?"

"कोण लावणार? ते गेले तशी टीव्ही बंद केली, वर चादर टाकली. तेराव्यापर्यंत तशीच. चादर काढल्यावर डब्याला हे लटकलेलं दिसलं."

मी स्टूल ओढून तिला शेजारी बसवलं आणि रेकॉर्डिंग लावलं. साडेचारच्या मालिकेचं गाणं वाजलं. पहिला काप चार एक्केचाळीसला. नायिकेच्या गालावर अश्रू होता, पुढच्याच चित्रात तो पुसलेला. मधल्या जाहिराती गायब. घड्याळाप्रमाणे तीन मिनिटं पन्नास सेकंद कापलेली. दुसरा काप चार बावन्नला, तिसरा पाचच्या मालिकेत पाच नऊला; दोन्ही चार मिनिटं पाच सेकंदांचे. इतकं स्वच्छ कापलेलं, की हा माणूस माझ्या दुकानात असता तर मी सुखाने घरी झोपा काढल्या असत्या. प्रत्येक काप म्हणजे त्याचा अंगठा. पाच तेराला तो अंगठा बटणावर होता, मालिका पुन्हा सुरू झाली होती.

पाच एकवीसला साबणाची जाहिरात लागली.

"हितं," काकी म्हणाली. आवाज असा, की जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय.

जाहिरात थांबली नाही. साबण गेला, मसाला आला. मसाला गेला, गंजी घातलेला एक माणूस हसत हसत जिना उतरला. पाच मुली पिवळे फ्रॉक घालून नाचल्या. मी आयुष्यात लाखभर जाहिराती पाहिल्या असतील, पण ह्या मी कुणाच्या तरी खांद्यावरून बघत होतो, आणि तो खांदा हलत नव्हता. काकी पदर तोंडाशी धरून बसली होती. समोरच्या चहावाल्याने आणून ठेवलेल्या चहावर साय धरली.

"पाच तेरा ते पाच एकवीस," मी म्हणालो. "त्याच्या मधे कधीतरी. काकी, तेव्हा पाचची गाडी जेमतेम अर्ध्या रस्त्यात होती. तुम्ही तिच्यात असतात तरी पोचला नसतात."

तिने मान डोलावली आणि पोराचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "तुम्ही ते डेपोमागचे ना? तुमच्या कॅसेटीत माझ्या मामाच्या लग्नाला दोन हजार माणूस होता. खरा आकडा सांगा."

"मामाच्या लग्नाला चारशे होते," मी म्हणालो. "हे पाच एकवीस. सेकंदही देतो, लिहून घे."

पलीकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मग म्हणाला, "आईला द्या." तिने फोन कानाला धरला. काय बोलला ते मला कळलं नाही. ती एवढंच म्हणत होती, "हा रे. जेवले. हा. तू जेवलास?"

इथे मी कॉम्प्युटर बंद करायला हवा होता. पण दोन्ही आकडे जुळवल्याशिवाय फाइल मिटायची नाही ही माझी खोड. ती बोलत होती तोवर मी बेरीज मांडली. बाहेरचा वेळ: साडेचार ते सहा अठ्ठावन्न, तिथे पेन ड्राइव्ह भरून रेकॉर्डिंग आपोआप संपलेलं. दोन तास अठ्ठावीस मिनिटं. चित्रं मोजून आतली लांबी: दोन तास अकरा मिनिटं पन्नास सेकंद. फरक सोळा मिनिटं दहा सेकंद. आणि कापलेल्या तीन तुकड्यांची बेरीज झाली बरोबर बारा मिनिटं.

चार मिनिटं दहा सेकंद कुठे गेली?

मी पुढे पुढे गेलो. पावणेसहा, सहा, सव्वासहा. सगळ्या जाहिराती जागच्या जागी. सहा एक्केचाळीसला एक बाई दार उघडायला वळते, आणि पुढच्याच चित्रात दार उघडलेलं आहे. मधली जाहिरात नाही. पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत स्वच्छ कापलेली. त्याच हाताने कापावी तशी.

दुकानात पंखा चालू होता. मी उगाच मागे वळून पाहिलं. भिंतीवर पुराची रेघ होती आणि तिच्याखाली माझी सावली.

मी पडदा काळा केला. पोराशी बोलून बाई हलकी झाली होती; तिला हे कशाला? फोन ठेवून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "शेवटची बघितलीस?"

"कसली शेवटची?"

"भाऊ, मी बघितलंय ते वीस वेळा. एक जाहिरात नाय त्यात, पार शेवटाकडं. किती वाजता ते मला कळत नाय, म्हणून तर तुझ्याकडं आले."

"लाइट झपकली असेल, काकी. तुमच्याकडे डोंगरात..."

"लाइट गेली की डबा बंद पडतो. रेकॉर्डिंग तिथंच संपतं. परत चालू कोण करतं?"

तिचं बरोबर होतं. मी पडदा पुन्हा उजळला. मी तिला आकडा सांगितला. सहा एक्केचाळीस. चार मिनिटं दहा सेकंद.

तिने डोळे मिटले. ओठ हलले, ते कवळीमुळे की कशामुळे, कोण जाणे.

"जाहिरात लागली की ते बटण दाबून बाहेर यायचे," ती म्हणाली. "अंगणात उभे ऱ्हायचे, खाली फाट्याकडं बघत, मी येतेय का ते. मालिका लागली, आवाज आला, की आत. दर खेपेला. त्या दिवशी मी फाट्यावर उतरले, सहा चाळीस झालेले, कंडक्टरनेच सांगितलं. उजेड होता. वर बघितलं तर अंगणात उभे. कपाळाला हात लावून. मी पिशवी हलवली. म्हटलं बघतायत, मग आता कशाला धावायचं? सावकाश चढले."

बाहेर स्टँडवर कुठलीशी गाडी मागे घेताना कंडक्टर घंटी मारत होता.

"डॉक्टर म्हणाले दोन तास झाले. मी सांगितलं मी आत्ता बघितलं त्यांना, तर बायका म्हणाल्या, हिला दुःखानं भरमलंय."

"पोराला सांगू का?"

"नको. त्याला पाचच्या गाडीचं उत्तर मिळालं ना, पुरे." तिने पेन ड्राइव्ह पुन्हा रुमालात बांधला. "मला तेवढं लिहून दे."

मी पावतीच्या पाठीवर लिहून दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने कागद उलटा धरून पाहिला, चार घड्या करून कमरेला खोचला आणि सहाची गाडी पकडायला गेली. पाचची समोर उभी होती, तिच्यात बसली नाही.

त्यानंतर ही गोष्ट मी चहावाल्याला सांगितली, गिऱ्हाइकांना सांगितली, आता तुम्हाला सांगतो आहे. लोक सवयीने निम्मं वजा करतात. करा खुशाल. दोन मिनिटं पाच सेकंद उरतात. तेवढा वेळ तरी त्या अंगणात कोण उभं होतं?